पहिला उद्गार : सिकंदराबादच्या रोजनिशीतील पाने

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

आजपासून श्रमदिनालु. आमच्या तेलुगू मंडळीत लेंटला हेच म्हणतात. जालन्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी आलो आणि इथलाच झालो, त्यामुळे माझ्याही तोंडी आता हाच शब्द बसलाय.

उपासना सुटल्यावर अय्यगारूंनी, म्हणजे आमच्या पाळकांनी, बाजूला घेतलं. गुड फ्रायडेला बारा ते तीन या वेळात क्रुसावरच्या सात उद्गारांवर सातजण बोलतात. यंदा पहिला माझ्याकडे.

"मराठी माणसाला पहिलाच दिलात, अय्यगारू?"

"तुम्ही रेल्वेतले. वेळेत संपवाल."

पहिला उद्गार क्षमेचा. देवाने आपल्याला का सोडलं, असं विचारणारा चौथा कुणी आपणहून घेत नाही. पहिला सोपा समजून नवख्याला देतात. या उद्गारावरची प्रवचनं पुष्कळ ऐकली आहेत. सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते: क्षमा करायची असते ती समोर बाकावर बसलेल्याने. ज्याच्या हातून घडलं तोही त्याच बाकांवर बसला असेल, ही शंका वक्त्याला शिवत नाही.

१२ मार्च

शिवरामपल्लीला हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात दिवस घालवला. या संस्थेचा प्रवासच मजेदार आहे. १९३० मध्ये लाहोरला निघाली ती मुसलमानांना सुवार्ता सांगू पाहणाऱ्या मिशनऱ्यांना इस्लाम शिकवायला. गावं बदलत १९७१ मध्ये हैदराबादेत आली. डिसेंबर १९९० च्या दंगलीत इथे शंभरावर माणसं मेली, तेव्हा संस्थेतली मंडळी मदत घेऊन जुन्या शहराच्या गल्ल्यांत शिरली. त्यातून पुढे हिंदू-मुसलमान वस्त्यांत शाळा, शिवणवर्ग, बायकांच्या बैठका असं काम उभं राहिलं. आता संस्थेच्या नावातच सलोखा आहे. माणसं बाटवण्याचं शास्त्र शिकवायला काढलेलं घर माणसं जोडायला लागलं. मला हा बदल कुठल्याही ठरावापेक्षा मोठा वाटतो.

प्रवचनासाठी शोधत होतो दक्षिण आफ्रिका. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या सिनॉडने ठरवलं, की काही जणांच्या दुबळेपणामुळे काळ्या विश्वासणाऱ्यांचं प्रभुभोजन वेगळं करायला हरकत नाही. दुबळेपणा कुणाचा, तर काळ्यांसोबत एका मेजावर बसवत नाही अशा गोऱ्यांचा. १८८१ पर्यंत वेगळं चर्चच झालं, आणि विसाव्या शतकात त्याच विचाराचं सरकार आलं. एवढं मोठं पाप भाकरीच्या तुकड्यापासून सुरू झालं.

मग नोव्हेंबर १९९०, रस्टेनबर्ग. सगळ्या चर्चांची परिषद. स्टेलेनबॉशचे प्राध्यापक विली योंकर उभे राहिले आणि वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली, स्वतःच्या वतीने आणि आपल्या चर्चच्याही वतीने. डेस्मंड टुटू उठले आणि म्हणाले, आम्ही क्षमा केली. सभागृह हेलावलं. पण काही काळ्या प्रतिनिधींनी लगेच हरकत घेतली: आमच्या वतीने क्षमा करायचा अधिकार टुटूंना कुणी दिला?

टुटूंचं मन मोठं, यात वाद नाही. तरी मी हरकत घेणाऱ्यांच्या बाजूचा. ज्याचा मुलगा पोलीस कोठडीत मेला, त्याची क्षमा दुसऱ्याने परस्पर देऊन टाकायची नसते.

२२ मार्च, डोर्नकल

पहाटेच्या कृष्णा एक्सप्रेसने डोर्नकल. आमच्या खात्यासाठी हे जंक्शन म्हणजे कोळशाच्या वाघिणींचं ठिकाण. कोत्तगुडेमची शाखा इथून फुटते. ड्युटीवर असताना कितीदा उतरलो असेन, पण कॅथीड्रल आज पहिल्यांदा सावकाश पाहिलं.

दुरून मशीद वाटते. मिनारासारखे बुरूज, घुमट. जवळ गेलं की देवळाच्या मंडपासारखे दगडी खांब, त्यांवर कमळ, कमळातून क्रूस. बांधायला पंचवीसेक वर्षं लागली. ६ जानेवारी १९३९ ला समर्पण झालं. निजामाच्या राज्यात तेलुगू खेडुतांसाठी तमिळ बिशपने बांधलेलं चर्च इंग्रजी दिसू नये, हा त्यामागचा हट्ट. खांबाला हात लावून पाहिला. दगड गार होता आणि कमळाच्या एका पाकळीचा टवका उडालेला होता. राखणदार म्हणाला, पोरं चढतात.

हे बिशप म्हणजे वेदनायकम सॅम्युएल अझरिया. तिरुनेलवेलीकडचे, नाडार. १९१२ च्या डिसेंबरात कलकत्त्याला त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. काळ्या माणसाच्या हाताखाली गोऱ्या पाळकांनी काम करायचं, या कल्पनेने तेव्हा पुष्कळांच्या पोटात दुखलं होतं.

पण त्याच्या दोन वर्षं आधीचा प्रसंग मला हवा होता. जून १९१०, एडिंबरोची जागतिक मिशनरी परिषद. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यांत आशियातले विसाच्या आत. अझरिया पस्तिशीतले. विषय दिलेला: परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांचं सहकार्य. सगळ्यांची अपेक्षा आभाराच्या भाषणाची, आणि आभार त्यांनी मानलेही. मग सांगितलं, की एकाच मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम करून गोरा आणि देशी एकमेकांच्या घरी जेवलेले नसतात. मिशनऱ्यांनी त्याग पुष्कळ केला, गरिबांना अन्न दिलं, प्रेमही दिलं; आता आम्हाला मित्र हवेत, एवढंच मागणं. सभागृहात चुळबुळ झाली, काहीजण चिडले. दान केलेल्या माणसाला हिशोब दाखवला की तो चिडतोच.

या भाषणात क्षमेचा शब्द नाही, माफी मागा असंही नाही. ताट मागितलंय, शेजारचं. मला हेच धरून बोलायचं आहे.

इथे आल्यावर तोच प्रश्न उलटून अझरियांपुढे उभा राहिला. त्यांच्या मंडळ्या मुख्यतः माला आणि मादिगा. दोघेही गावकुसाबाहेरचे, आणि दोघांत रोटीव्यवहार नाही. बाप्तिस्मा घेतला तरी दोघांच्या विहिरी वेगळ्या. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचं म्हणजे एकमेकांच्या उष्ट्याला ओठ लागायचा. एडिंबरोला जे गोऱ्यांना सांगितलं, ते इथे आपल्याच लोकांना सांगत बैलगाडीतून हिंडायचं. १ जानेवारी १९४५ ला ते डोर्नकलातच गेले. ज्या चर्चऐक्यासाठी ते झटले ते चर्च ऑफ साउथ इंडिया २७ सप्टेंबर १९४७ ला उभं राहिलं. ते पाहायला ते नव्हते.

येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेनंतर, म्हणजे १३ ऑक्टोबर १९३५ नंतर, त्यांची आणि बाबासाहेबांची गाठ पडली असं सांगतात. बाबासाहेबांनी विचारलं म्हणे, आमच्या लोकांनी ख्रिस्ती व्हायचं तर तुमच्या इतक्या चर्चांपैकी नेमक्या कुठल्या? संवाद शब्दशः असा झाला की नाही, देव जाणे. पण चर्चात जात तशीच राहते हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिलं आहे, आणि ते वाचून आमच्या लोकांना राग येतो तो खरं असल्यामुळेच.

३० मार्च, उगादी

शेजारच्या रेड्डीअम्मांनी पच्चडी पाठवली. आपला पाडवा, त्यांची उगादी, उद्या-परवा ईद; गल्लीत सगळ्यांचंच काहीतरी शिजतंय.

पच्चडी खाताना ही एकदम म्हणाली, "नान्नांना आंबट आवडायचं." सासऱ्यांचं नाव या घरात फारसं निघत नाही.

आमचं मूळ जालन्याजवळचं बेथेल. नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे निजामाच्या मुलखात, सालारजंगांच्या सरकारने दिलेल्या जमिनीवर, मांगांमध्ये जाऊन राहिले. ते गाव बेथेल. आम्ही तिथले मांग. हिचं माहेर खम्मम जिल्ह्यातलं, माला ख्रिस्ती, वडील चर्चचे वडीलधारी. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी कुणाकडून तरी माहिती काढली आणि एकच वाक्य बोलले: मांग म्हणजे त्यांच्याकडचे मादिगाच. त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे नगरच्या महार ख्रिस्त्यांनी बेथेलच्या मुली करायला खळखळ केलेली मला ठाऊक आहे.

लग्नाला आले नाहीत. थोरला झाला तरी आमच्या घरी पाणी घेतलं नाही. दारात उभ्याने नातवाला पाहून गेले. मग एका नाताळात, न सांगता, आले. हात धुतले, पाटावर बसले, जेवले. पप्पू, म्हणजे वरण, दुसऱ्यांदा मागितला. माफीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पुढे मरेपर्यंत येत राहिले.

आज हिला विचारलं, "तू त्यांना माफ केलंस का?"

"त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही. जेवले ना? झालं."

हे प्रवचनात घालू का, म्हटलं. "नक्को," म्हणाली. म्हणून इथे लिहिलं.

३ एप्रिल

अफझलगंजला काम होतं. नयापुलावर बस अडकली आणि मुशीच्या काठावर हायकोर्टाचे लाल दगड समोर आले. आंध्र आणि तेलंगण एक होते तेव्हाचं हेच न्यायालय. चुंडूरचा निकाल इथलाच.

तेव्हाच्या गुंटूर जिल्ह्यातलं चुंडूर, ६ ऑगस्ट १९९१. सिनेमाच्या थेटरात पाय लागल्यावरून झालेलं भांडण वाढत गेलं आणि वरच्या जातीच्या जमावाने मालपल्लीतल्या आठजणांना शेतात गाठून मारलं. प्रेतं कालव्यात टाकली. वस्तीतले पुष्कळजण चर्चला जाणारे. लोकांनी मेलेल्यांना गावाबाहेर नेलं नाही, वस्तीच्या मध्यावर पुरलं आणि त्या जागेला रक्तक्षेत्रम नाव दिलं. खटला शहरात गेला तर साक्षीदार पोचणार नाहीत, म्हणून झगडून गावातच विशेष न्यायालय आणलं. २००७ मध्ये त्या न्यायालयाने एकवीसजणांना जन्मठेप दिली. एप्रिल २०१४ मध्ये इथे, हायकोर्टात, सगळे सुटले.

तिथल्या विधवेला गुड फ्रायडेला मी काय सांगणार? क्षमा कर? कोर्टाने गुन्हेगारच उरवला नाही. आता क्षमा कुणाच्या नावे फाडायची?

१४ एप्रिल, आंबेडकर जयंती

हुसेनसागरच्या काठी १२५ फुटी बाबासाहेबांभोवती निळ्या झेंड्यांची गर्दी. आजच्या मुहूर्तावर तेलंगण सरकारने अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण लागू केलं. ५९ जाती, १५ टक्के आरक्षण. त्याचे तीन गट. मादिगा असलेल्या गटाला ९ टक्के, माला असलेल्या गटाला ५, सर्वांत मागे राहिलेल्यांना १. गेल्या ऑगस्टमधला सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि मंदा कृष्णा मादिगांची १९९४ पासूनची चळवळ, दोन्हींचं फळ.

कालचा झावळ्यांचा रविवार त्यामुळे अवघडच गेला. होसान्ना म्हणत सगळ्यांनी एकत्र झावळ्या हलवल्या. चहाला मात्र अंगणात दोन घोळके. एका घोळक्यात पेढे, दुसऱ्यात कुरबूर. अधिकृतपणे यांतल्या कुणाचाच या टक्क्यांशी संबंध नसावा, कारण ख्रिस्ती म्हणून नोंद असली तर अनुसूचित जातीचं आरक्षण नाहीच. पण कागदावर कोण काय आहे, हे आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. घरी एक नाव, दाखल्यावर दुसरं. पोटासाठी केलेल्या या सोयीला मी पाप म्हणणार नाही.

१७ एप्रिल

पेपरात बातमी: काल ओडिशातल्या केओंझरच्या तुरुंगातून महेंद्र हेंब्रमला चांगल्या वर्तणुकीबद्दल सोडलं. ग्रॅहम स्टेन्स खटल्यातला जन्मठेपेचा कैदी. बाहेर आल्यावर म्हणाला, मला खोटं गोवलं होतं.

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपुरात स्टेन्स आणि त्यांची मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जाळले. ऑस्ट्रेलियन कुटुंब, बारीपदाच्या कुष्ठरोग्यांत राहणारं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी जाहीर सांगितलं, मी क्षमा केली आहे. तेव्हापासून प्रत्येक प्रवचनात ही बाई आहे, आणि नेमकं अर्धंच सांगतात. क्षमा ही माझी गोष्ट, गुन्ह्याचं काय करायचं हे कायद्याचं काम, असंही त्या म्हणाल्या होत्या. मुलीला घेऊन बारीपदात राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं, २००४ मध्ये मायदेशी गेल्या.

पंचवीस वर्षांनी सुटलेला माणूस म्हणतो, मी केलंच नाही. म्हणजे क्षमा देऊन झाली, घेणारा दारात आलाच नाही. ग्लॅडिसबाईंची क्षमा त्यामुळे खोटी ठरत नाही. पण तिला समेट म्हणता येणार नाही.

रात्री टिपणं फाडली. उद्या साधंच बोलायचं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

बाहेर कडक ऊन, आत पंखे कुरकुरताहेत, पांढऱ्या साड्या, मांडीवर वह्या. बोललो ते आठवेल तसं उतरवतोय.

येशूने क्रुसावरून शिपायांना म्हटलं नाही, की मी तुम्हाला क्षमा केली. तो बापाशी बोलला. शिपाई चिठ्ठ्या टाकून कपडे वाटून घेत होते. त्यांना ऐकूही आलं नसेल. दुसरं म्हणजे, खाली त्याची आई उभी होती. तिला त्याने, मी केली तशी तूही यांना क्षमा कर, असं सांगितलं नाही. तिच्याशी तो बोलला ते तिसऱ्या उद्गारात, आणि तिला घर दिलं: योहानाला सांगितलं, ही तुझी आई. त्या दिवसापासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. ज्याचं नुकसान झालंय त्याला क्षमेचा उपदेश करण्याआधी मंडळीचं काम हे आहे. आणि ज्याच्या हातून घडलं त्याचं काम शुभवर्तमानात जक्कयाने करून दाखवलंय: चौपट परत.

मग एडिंबरोचं सांगितलं, डोर्नकलचं सांगितलं, आणि विचारलं: आपल्यातल्या किती माला घरांनी मादिगा सून करून आणली? किती मादिगा घरांनी त्यांच्याही खालच्यांच्या हातचं खाल्लं?

पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. वेळेत संपवलं.

बाहेर एका ज्येष्ठांनी गाठलं. कमिटीतले, हयात चर्चमध्ये घातलेली.

"बाबू, हे जातीचं कशाला काढलंत? आपल्या चर्चमध्ये जात कुठं आहे?"

त्यांच्यामागे भिंतीवर कमिटीच्या निवडणुकीच्या दोन पॅनेलांचे कागद चिकटवलेले होते. कुठलं पॅनेल कुणाचं, हे आमच्या रविवारच्या शाळेतलं पोरही सांगेल.

२१ एप्रिल

काल ईस्टरची पहाटेची उपासना, आज पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी. थकलोय. दोन तरुण पोरी घरी आल्या होत्या, प्रवचनाचा कागद मागायला. फाडलेला होता. तोंडी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

३ मे

आंध्र उच्च न्यायालयाचा निकाल वाचला. गुंटूर भागातल्या एका पास्टरने तक्रार केली होती: जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण. अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. कोर्टाने तो रद्द केला. जो ख्रिस्ती झाला तो अनुसूचित जातीचा राहत नाही, म्हणून त्याला त्या कायद्याचं संरक्षण नाही.

कायद्याच्या अक्षराने बरोबरच असेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंत; १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. शिवी देणाऱ्याने मात्र आदेश वाचलेला नसतो. त्याला समोरच्याची जात बरोब्बर ठाऊक होती.

९ मे

काल रात्री साडेनऊच्या पुढे रोमला पांढरा धूर दिसला. टीव्हीवर पाकिस्तान-सीमेवरच्याच बातम्या, म्हणून फोनवर पाहिलं. मत देणाऱ्या १३३ कार्डिनलांत आमच्या हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पुला होते. पूर्वीच्या कर्नूल जिल्ह्यातल्या चिंदुकूरचे. २७ ऑगस्ट २०२२ ला कार्डिनल झाले, दलितांतले पहिले. आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी समोरच्या कॅथलिक घरातून लाडू आले. "आपल्या माणसाने पोप निवडला," तिथल्या अम्मा म्हणाल्या. हिने लाडू फोडून अर्धा मला दिला.

पुलांच्याच समाजातला एखादा ख्रिस्ती मुलगा उद्या कचेरीत गेला तर त्याला बीसी-सीचा दाखला मिळतो. धर्मांतरित दलितांचा हा गट, १ टक्का आरक्षणाचा. अनुसूचित जातीचा मिळणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेमलेल्या बालकृष्णन आयोगाचा अहवाल अजून यायचाय. अनुसूचित जातीच्या दर्जासाठी आमची मंडळीही दर वर्षी निवेदनं देते, १९५० चा आदेश निघाला त्या १० ऑगस्टला काळा दिवस पाळते. ते करावंच.

पण त्या निवेदनाला सरकारकडून मिळणारं उत्तर आणि गुड फ्रायडेला आमच्या ज्येष्ठांनी मला ऐकवलेलं वाक्य एकच आहे: ख्रिस्ती धर्मात जात नाही. दिल्लीने ते म्हणणं सोडावं असं वाटत असेल, तर आधी आपण आपल्या चर्चच्या अंगणात ते म्हणणं सोडू या. कमिटीची निवडणूक जूनमध्ये आहे. पॅनेलं एकत्र करा, असा अर्ज मी आज दिला.